न दिलेला रॉजर

त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास बेकरीच्या धुराड्यातून निघालेला धूर सरळ वर गेला, चौथ्या मजल्याच्या उंचीवर अडला आणि तिथून आडवा पसरत गेला. वारा नावालाही नव्हता. गल्लीतल्या कुणाला त्याचं सोयरसुतक असायचं कारण नव्हतं. बेकरीसमोर कानाच्या मशिनचं दुकान होतं. त्या दुकानाच्या मालकीणबाईंनी मात्र काचेतून तो धूर पाहिला आणि हातातला बारीक स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"काका, उरलेलं उद्या," त्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या.

"अहो, पण एकच कान झालाय माझा!"

"आजच्या दिवस एकावर भागवा. असं काय मोठं कुणी बोलणार आहे तुमच्याशी?"

काका हसले, कारण बाई तोंडाने फटकळ असल्या तरी कानाचं काम त्यांच्याइतकं चोख कुणी करत नसे. शटर ओढून बाई तरातरा घरी निघाल्या. वय अठ्ठावन्न, गुडघे कुरकुरणारे, घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. तरी त्या दिवशी जिना त्या एका दमात चढल्या.

धुराचं गणित असं. दिवसभर कडक ऊन असलं आणि वारा पडला, की संध्याकाळी जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यावर गरम हवेचा थर झाकणासारखा बसतो. धूर त्या झाकणाला अडतो, आणि व्हीएचएफच्या रेडिओलहरीही अडतात. एरवी या लहरी सरळ जातात. पन्नास-शंभर किलोमीटरवर क्षितिज आलं की जमीन खाली राहते आणि त्या आकाशात निघून जातात. झाकण बसलं की मात्र त्याच्याखालून वळत वळत हजार, दीड हजार किलोमीटर पोचतात. हौशी रेडिओवाले याला 'वाट उघडली' म्हणतात. वर्षातून चार-पाचदा उघडते, दोन-तीन तास राहते आणि मिटते. त्या दोन-तीन तासांसाठी ही मंडळी सख्ख्या भाच्याच्या लग्नातूनही उठून येतील.

बाई याच मंडळींतल्या. गच्चीवर त्यांचा पंधरा काड्यांचा लांबलचक अँटेना होता. खोलीतली एक मूठ फिरवली की तो वर फिरायचा. बँडवर, म्हणजे या मंडळींच्या रेडिओपट्ट्यावर, त्यांना सगळे 'हेडबाई' म्हणत. हे नाव त्यांच्या थोरल्या भावाने ठेवलेलं, आणि कौतुकाने मुळीच नव्हे.

रेडिओवरची भेट पुरी कधी होते, याचा एक रिवाज आहे. दोघांनी एकमेकांना आपलं सांकेतिक नाव सांगायचं, आवाज किती स्पष्ट आला त्याचा आकडा सांगायचा, आणि नकाशावरच्या कुठल्या चौकोनातून बोलतोय ते सांगायचं. मग दोघांनीही 'रॉजर' म्हणायचं. म्हणजे, मला सगळं मिळालं. एकाचा जरी रॉजर राहिला, तरी भेट झालीच नाही. आता दूरचा आवाज खालीवर होतो, नावातलं शेवटचं अक्षर विरून जातं, वाट कधी मिटेल याची धास्ती असते. अशा वेळी भलेभले ते अक्षर अंदाजाने भरतात आणि रॉजर ठोकून मोकळे होतात. हेडबाई होत नसत. पूर्ण नाव स्वतःच्या कानाने ऐकल्याशिवाय रॉजर नाही, मग समोरचा चंद्रावरून का बोलत असेना.

याच पायी गेल्या वर्षी भावाशी बिनसलं होतं. दादाने अंतराचा विक्रम केला, असं त्याचं म्हणणं. साक्षीदार म्हणून हेडबाईंची सही हवी होती, कारण तो दूरचा आवाज त्यांनीही ऐकला होता. शेवटचं अक्षर त्यांना आलं नव्हतं, आणि दादालाही आलं नव्हतं हे त्याच्या आवाजावरून त्यांनी ताडलं होतं. त्यांनी सही केली नाही. विक्रम बुडाला. "सख्खी बहीण आहेस की तपासनीस?" एवढं बोलून दादाने फोन जो आपटला, तो वर्ष झालं तरी पुन्हा लावला नव्हता. सहाशे किलोमीटरवर राहणारा हा त्यांचा एकुलता एक भाऊ. आईवडील गेलेले, लग्न केलेलं नाही. आपलं म्हणावं असं रक्ताचं माणूस हे एवढंच. सही न केल्याचा हेडबाईंना पश्चात्ताप नव्हता. पण दादाची आठवण यायची, आणि ती आली की त्या स्वतःवरच चिडायच्या.

साडेपाचला हेडफोन चढवून त्या बसल्या तेव्हा बँडवर बाजार भरला होता. जिथे एरवी नुसती खरखर, तिथे आठशे किलोमीटरवरचा शाळामास्तर आणि बाराशे किलोमीटरवरची एक नर्स शेजारच्या खोलीतून बोलावं तशी बोलत होती. तासाभरात चौदा भेटी झाल्या. दादाचा आवाजही आला, खणखणीत. त्याने सगळ्यांना उत्तरं दिली. हेडबाईंनी हाक मारली, तेव्हा जणू खरखरच ऐकली अशा थाटात तो पुढच्याकडे वळला.

"गेलास उडत," हेडबाई माईकचं बटण न दाबता म्हणाल्या, आणि वहीत पेन्सिल जरा जास्तच दाबून चालवली.

पावणेसातला तो आवाज पहिल्यांदा आला.

पुरुषाचा, मध्यम वयाचा, शांत. उच्चार स्वच्छ. त्याने सांकेतिक नाव सांगितलं. शेवटचं अक्षर विरलं. चौकोन सांगितला. हेडबाईंनी नकाशात बोट फिरवलं. भर समुद्र, जवळपास तीन हजार किलोमीटर, आणि आसपास बेटसुद्धा नाही. असेल बोटीवरून, त्यांनी मनाशी म्हटलं. एवढ्या अंतरावर आजवर त्यांच्यापैकी कुणाचीच भेट झाली नव्हती.

"पूर्ण नाव पुन्हा सांगा," त्या माईकवर म्हणाल्या.

त्याने सांगितलं. शेवटचं अक्षर विरलं. त्यांनी सहा वेळा विचारलं, आणि सहाही वेळा नेमकं तेवढंच गेलं, बाकी सगळं लख्ख आलं. "रॉजर?" तो दर वेळी शेवटी विचारायचा, दुकानदाराने पिशवी हवी का विचारावं इतक्या साधेपणाने.

हेडबाईंना दोन गोष्टी खटकल्या. आयुष्य कानांच्या कामात गेलेलं. माणूस बोलतो तेव्हा त्याच्यामागची खोलीही ऐकू येते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पंखा असतो, रस्ता असतो, काही नाही तर त्याचा स्वतःचा श्वास असतो. या आवाजामागे काहीच नव्हतं. दोन वाक्यांच्या मध्ये तो श्वास घेत नव्हता. दुसरी गोष्ट अँटेनाची. अँटेनाचं तोंड असतं त्या दिशेचंच नीट ऐकू येतं. हेडबाईंनी मूठ धरून अँटेना पूर्ण गोल फिरवला. नर्स बुडाली, मास्तर बुडाला, दादा बुडाला, मग एकेक करून परत वर आले. तो आवाज होता तसाच राहिला. मीटरचा काटा केसभरही हलला नाही.

"हेडबाई, तुम्ही घेत नसाल तर मी घेतो," मध्येच पोस्टमास्तर बोलले. निवृत्त माणूस, चाळीस किलोमीटरवर राहणारा. दम्यामुळे दर वाक्याला धाप टाकायचे, आणि मागे त्यांचा पिंजऱ्यातला पोपट शीळ घालायचा.

"शेवटचं अक्षर मिळालं तुम्हाला?"

"अंदाज आहे की! तीस वर्षं लोकांची गिचमिड अक्षरं लावली मी पाकिटांवरची. हे एक लावतो."

त्यांनी नाव उच्चारलं, शेवटी आपल्या मनाचं अक्षर जोडलं, आणि म्हणाले, "रॉजर."

पुढे काहीच नाही. एरवी पोस्टमास्तर एका भेटीचा आनंद दहा मिनिटं सांगत बसायचे. हेडबाईंनी तीन हाका मारल्या. उत्तर आलं नाही.

मग तो आवाज परत आला. तेच नाव, तेच विरणारं अक्षर. पण आता दोन वाक्यांच्या मध्ये त्याला धाप लागत होती. त्याच्यामागे कुठेतरी पोपट शीळ घालत होता. आणि चौकोन त्याने सांगितला तो समुद्रातला नव्हता, पोस्टमास्तरांचा होता.

 हेडबाईंनी हेडफोन काढले, घोटभर पाणी घेतलं, आणि मोबाइलवरून पोस्टमास्तरांच्या घरी फोन लावला. मुलीने उचलला.

"बाबा ना? बसलेत माईक धरून. मघापासून हाका मारतेय, वळून बघत नाहीत." मग तिचा आवाज एकदम लहान झाला. "काकू, श्वास चालू आहे. डोळे उघडे आहेत. पण घरात कुणी राहत नसलं म्हणजे खिडक्या दिसतात ना, तसे दिसतायत. डॉक्टरांना बोलावलंय मी."

"चांगलं केलंस. तो माईक काढ त्यांच्या हातातून."

"निघत नाहीये," मुलगी म्हणाली.

हेडबाई पुन्हा रेडिओपाशी आल्या.  हेडफोन चढवले, आणि पहिला आवाज कानावर पडला तो दादाचा. तो त्या परक्याला हाका मारत होता, आणि परका त्याला पुन्हा तोच समुद्रातला चौकोन सांगत होता. दादाला पोपट ऐकू येत नव्हता. त्याला फक्त किलोमीटर ऐकू येत होते.

"दादा, थांब," हेडबाईंनी बटण दाबलं. "त्याला रॉजर देऊ नकोस. पोस्टमास्तरांनी दिला, आणि ते दगडासारखे बसलेत. मी त्यांच्या घरी फोन केला होता."

वर्षभरात पहिल्यांदाच दादाने त्यांना उत्तर दिलं. "आल्या! हेडबाई आल्या तपासणीला! माझा विक्रम तुला बघवतच नाही ना?"

"विक्रम घाल चुलीत. शेवटचं अक्षर आलंय तुला?"

"येईल. नाही आलं तर भरीन."

"दादा, पाया पडते तुझ्या."

"पड. गेल्या वर्षी सही केली असतीस, तर ही पाळी आली नसती."

"रॉजर?" मधूनच तो आवाज आला. मागे शीळ वाजली.

दादाने घसा खाकरला आणि त्याचं नाव सावकाश, एकेक अक्षर करत उच्चारायला घेतलं. शेवटचं अक्षर त्याच्या तोंडातून निघायच्या आत हेडबाईंनी अँटेनाचं तोंड दादाकडे आहे हे एकदा पाहिलं आणि बटण दाबून धरलं, म्हणजे त्यांचा आवाज दोघांच्या शब्दांवर पडून कुणाचाच शब्द पलीकडे पोचणार नाही.

दुसऱ्याच्या भेटीत मुद्दाम आवाज घुसवणं, याच्यासारखा गुन्हा बँडवर नाही. परवाना जातो, आणि त्याआधी अब्रू जाते. बत्तीस वर्षांत हेडबाईंनी कुणाच्या शब्दावर शब्द पडू दिला नव्हता. शिवाय दुसरीही अडचण होती. बटण दाबलेलं असेतोवर फक्त बोलता येतं, ऐकू येत नाही. दादाने रॉजर दिला की नाही, हे कळायचं तर बटण सोडायला हवं. आणि बटण सोडलं, तर तेवढ्या फटीत दादा रॉजर देणार. म्हणजे वाट मिटेपर्यंत सोडायचं नाही. आणि नुसतं दाबून भागत नाही, बोलत राहावं लागतं.

काय बोलावं सुचेना, तेव्हा त्यांनी पाढे सुरू केले. बारापासून. लहानपणी दादा पाढ्यांना घाबरायचा आणि त्या तोंडपाठ म्हणून दाखवून त्याला रडवायच्या. आज त्या त्याच सुरात, त्याच नाकावर टिच्चून म्हणू लागल्या. बाराचा झाला, तेराचा झाला, चौदाचा झाला. दर दहा मिनिटांनी स्वतःचं नाव सांगावं असा नियम असतो. घड्याळात दहा मिनिटं झाली तसं त्यांनी ते सांगितलं, पूर्ण, शेवटच्या अक्षरासकट.

"हे मी करतेय. मुद्दाम करतेय. ज्याला तक्रार करायची त्याने माझं नाव नीट लिहून घ्यावं." आणि मग पंधराचा.

बाहेर अंधारून आलं होतं. दिवा लावायला उठता येत नव्हतं. रेडिओचा पत्रा तापला, आतला पंखा घरघरायला लागला, रंग करपल्याचा वास सुटला. पुन्हा दहा मिनिटं झाली, पुन्हा त्यांनी नाव सांगितलं. बोट बधिर झालं तेव्हा अंगठा लावला, पण बटण वर येऊ दिलं नाही.

एकोणीसच्या पाढ्याशी आल्या तेव्हा घसा बसला होता.

"एकोणीस त्रिक सत्तावन्न. एकोणीस चोक शहात्तर."

"शहात्तर," हेडफोनमध्ये कुणीतरी धाप टाकत म्हणालं. "रॉजर?"

हेडबाईंनी अंगठ्याकडे पाहिलं. बटण पूर्ण दाबलेलं होतं.

त्यांनी डाव्या हाताने हेडफोन काढले आणि टेबलावर ठेवले.

"एकोणीस पंचे पंच्याण्णव."

"पंच्याण्णव," टेबलावरून आलं. "रॉजर?"

"नाही," हेडबाई म्हणाल्या. घशातून आवाज फाटका निघाला, पण निघाला. "माझ्याकडून नाही, आणि माझ्या भावाकडूनही नाही. काय करायचं ते कर. यानंतर वीसचा आहे, तो फार सोपा आहे. सकाळपर्यंत म्हणेन."

हेडफोन गप्प झाले.

त्या म्हणत राहिल्या.

वीसचा निम्मा झाला तेव्हा खिडकीचा पडदा हलला. आधी थोडासा, मग चांगलाच फुगला. वारा सुटला होता. वारा सुटला की हवेतलं झाकण मोडतं आणि वाट मिटते. तरी आणखी पाच मिनिटं त्या बोलत राहिल्या, आणि मगच त्यांनी अंगठा उचलला.

नुसती खरखर. नर्स नाही, मास्तर नाही, दादा नाही. तो आवाजही नाही. दादाने मधल्या वेळात काय केलं असेल, हे त्या खरखरीतून कळायला काही मार्ग नव्हता. दिवा लावून त्या टेलिफोनपाशी गेल्या. नंबर फिरवायला हात पुढे केला, तोच फोन वाजला.

"मी बोलतोय. दादा."

"दिलास का? रॉजर दिलास का त्याला?"

"कसा देणार? तू पाढे म्हणत होतीस!" तो हसला. "बरं केलंस. फार बरं केलंस तू."



"आणि गेल्या वर्षी तुझंच बरोबर होतं," दादा म्हणाला. "ते शेवटचं अक्षर मला आलं नव्हतं. मला ते तेव्हाही ठाऊक होतं. वर्षभर फोन केला नाही, तेही वाईट केलं. चुकलं माझं."

अठ्ठावन्न वर्षांत दादाच्या तोंडून हे दोन शब्द त्यांनी कधी ऐकले नव्हते. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतके दिवस आपण कशाची वाट बघत होतो, ते त्यांना त्या क्षणी कळलं.

"राहू दे रे," त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या.

"राहू दे कसं? मनापासून म्हणतोय. चुकलं माझं. मिळालं ना तुला? रॉजर?"

बँडवरच्या माणसांना फोनवरही रॉजर म्हणायची खोड असतेच. हेडबाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात टेबलावरचा मोबाइल वाजला. वहिनीचा नंबर होता. एका कानाला रिसीव्हर तसाच धरून त्यांनी दुसऱ्या कानाला मोबाइल लावला.

"वन्सं, काय केलंत हो तुम्ही?" वहिनी करवादून म्हणाली. "अर्धा तास झाला, हे तुमच्या नावाने नुसता ठणाणा करतायत. जेवायला उठत नाहीत. मेलो तरी तिच्याशी बोलणार नाही, असं सांग तिला, म्हणतात. म्हणून मी लावला. ऐका तुम्हीच!"

मागे टेबलावर मूठ आपटल्याचा आवाज आला. "विक्रम बुडवला माझा! पुन्हा बुडवला! आणि एकोणीसचा पाढा म्हणते!" सहाशे किलोमीटरवर दादा ओरडत होता. संतापलेला, हेकट, अगदी नेहमीचा.

रिसीव्हर कानाला लागलेला होता. त्यातून कुणीतरी मायेने त्यांच्या उत्तराची वाट बघत होतं.

"वहिनी," त्या म्हणाल्या, अगदी हळू, मोबाइलवर हाताचा आडोसा करून. "त्याला ओरडू दे. ओरडतोय तोवर काळजी नाही. तेवढी रेडिओची वायर भिंतीतून उपटून टाका, आत्ताच्या आत्ता. मी उद्या सकाळच्या गाडीने येते."

"या बाई या. तुम्हीच समजवा."

मोबाइल बंद झाला. हेडबाईंनी रिसीव्हर कानापासून काढला, पण जागेवर ठेवला नाही. ठेवला, तर तो आवाज दुसऱ्या कुणाला फोन लावेल. त्यांनी तो टेबलावर आडवा ठेवला आणि खुर्ची त्याच्यासमोर ओढून घेतली.

"बस विचारत," त्या म्हणाल्या. "मिळायचं नाही."



"बरं," मग दादाचा आवाज आला. "सकाळी कितीच्या गाडीने निघतेयस?"